तक्रार समितीत विद्यार्थी फक्त पाहुणाच का?

साखळीकर
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२३ च्या नियमांनुसार प्रत्येक कॉलेजात नि विद्यापीठात विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी. अध्यक्ष प्राध्यापक, सदस्य ज्येष्ठ शिक्षक. त्यांत निदान एक महिला आणि एक जण अनुसूचित जाती, जमाती किंवा ओबीसींपैकी. इथवर ठीक. पण ज्याच्यासाठी हा खटाटोप, तो विद्यार्थी मात्र ‘विशेष निमंत्रित’. तोही निवडलेला नव्हे, नेमलेला. अभ्यासात, खेळात नाहीतर इतर उपक्रमांत चमकलेला. म्हणजे सरांच्या मर्जीतला म्हणा ना! माझं म्हणणं, दोन विद्यार्थी निवडून यावेत आणि त्यांना पूर्ण सदस्यत्व मिळावं.

फोंड्याचा मास्तर
अजिबात नको. निवडून आलेला पोरगा म्हणजे कुठल्या तरी पॅनेलचा. विरुद्ध पॅनेलच्या मुलीची तक्रार आली तर? शिवाय गोवा केवढा! ताळगावच्या पठारावर, विद्यापीठात कुजबुजलेलं संध्याकाळच्या कदंब बसमधून वाळपईला पोचतं.

वाळपईची
सर, स्टाफरूममधली गुप्तता आम्ही दाराबाहेर उभं राहून ऐकलीय.
मैत्रिणीचं सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. तिला अगदी कमी दिसतं, लेखनिक घेऊन पेपर देते. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तासामागे किमान २० मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तीन तास झाले आणि पर्यवेक्षकांनी “बाकीच्यांवर अन्याय होतो” म्हणत लेखनिकाच्या हाताखालून उत्तरपत्रिका ओढली. शेवटचा प्रश्न अर्धाच राहिला. तिने अर्ज लिहिला, पण समितीत त्याच विभागाचे दोन सर. अर्ज अजून पर्समध्येच आहे. इंटर्नलचे मार्क शेवटी कोणाच्या हातात?

मडगावकर
वाईट झालं. पण उद्या हळू लिहिणारे सगळेच जादा वेळ मागतील, त्याचं काय?

वाळपईची
त्याला अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. हळू लिहिण्याचं कुठल्या इस्पितळात मिळतं तेवढं कळवा.

फोंड्याचा मास्तर
पर्यवेक्षक चुकलेच, वाद नाही. पण त्यावर उपाय त्याच नियमांत आहे. समितीचा निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत विद्यापीठाने नेमलेल्या लोकपालाकडे अपील करता येतं. तिथे माजी कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो. फेरतपासणीच्या साध्या अर्जांत तो पडत नाही, पण भेदभावाचं ठोस प्रकरण ऐकतो.

काणकोणकर
गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला २००३ साली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली माझी बहीण. जागा मिळाली. ही समिती असते हे तिला शेवटच्या वर्षी कळलं! फलक होता, ऑफिसात कपाटामागे, तोही इंग्रजीत. मत कोणाला यावर भांडा खुशाल, आधी तो फलक कपाटामागून काढा.

साखळीकर
मास्तर, लोकपालाकडे जायला आधी समितीचा निर्णय हवा. अर्ज पर्समध्येच राहिला तर अपील कसलं? गुप्ततेचं मात्र पटलं. मग विद्यार्थी सदस्य दुसऱ्या विभागाचा घ्या, आणि ज्या विभागाविरुद्ध तक्रार, तिथल्या शिक्षकाने त्या दिवशी बाहेर बसावं.

फोंड्याचा मास्तर
शिक्षकाने बाहेर बसावं, हे मान्य. निवडणूक नको म्हणजे नको.