काजळी नाही, चिरोटा

वर कुणीतरी लिहिलंय की लोखंड थंड होताना कार्बन काजळीसारखा बाहेर पडतो. बिडाच्या (कास्ट आयर्नच्या) बाबतीत ठीक आहे, पण साध्या स्टीलमध्ये, म्हणजे थोडासा कार्बन मिसळलेल्या लोखंडात, तसं होत नाही हो. लालभडक तापलेल्या लोखंडात कार्बन लोखंडाच्या अणूंमधल्या फटींत आरामात बसतो, ७२७ डिग्रीच्या खाली मात्र रचनाच बदलते आणि जेमतेम ०.०२ टक्के मावतो, मग उरलेला जाणार कुठे, तर तो थोडासा सरकून लोखंडाशीच जुळतो आणि सिमेंटाइट बनतं, म्हणजे तीन अणू लोखंडाचे नि एक कार्बनचा. एक पापुद्रा मऊ लोखंडाचा, एक कडक सिमेंटाइटचा, अगदी चिरोट्यासारखं! हेच पर्लाइट. नमुना घासूनपुसून आरशासारखा केला, अ‍ॅसिड लावलं की मायक्रोस्कोपखाली बोटांच्या ठशांसारख्या रेघा दिसतात, मला तर बघतच राहावंसं वाटतं.

लालभडक स्टील एकदम पाण्यात विझवलं तर सरकायला वेळच नाही, कार्बन आत अडकतो, म्हणून छिन्नी कडक पण ठिसूळ होते.

बिडात कार्बन जास्त, शिवाय सिलिकॉन, त्यामुळे ग्राफाइटच्या पाकळ्या सुटतात. ड्रिल मारताना लांब चिप्सऐवजी भुगा पडतो आणि हात काळे होतात ना, ते त्यामुळेच.