फोटो नाही, म्हणून गिधाडाची घार होते का?

रानवाट
परवा मी काळ्या गिधाडाची नोंद टाकली. त्यावर 'लांब भिंग' यांनी लिहिलं, "फोटो नसेल तर ती घारच समजायची. आभाळात सगळंच मोठं दिसतं." दोन दिवस हे डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पक्षी दहा मिनिटं दुर्बिणीत होता. आकार मी नुसत्या अंदाजाने सांगितलेला नाही. एक घार त्याच्या मागे लागली होती, पुन्हा पुन्हा पाठीवर झेपावत होती. घारीचा पंखविस्तार साधारण दीड मीटर. ती अख्खी त्याच्या एका पंखात मावत होती! एवढा गरुड कुठला? पंख फळीसारखे सपाट, टोकं जराशी खाली झुकलेली. मागची कड करवतीसारखी दातेरी, शेपूट आखूड नि पाचरीसारखं. काळ्या पोटामागे फिकट पाय स्पष्ट दिसत होते.

लांब भिंग
घार पन्नास मीटर वर असेल तर लहानच दिसणार. मोठा ठिपकेदार गरुडही काळपट असतो, शेपूट आखूड, तरंगताना पंखांची टोकं खाली. पिसं झडत असतील तर मागची कड त्याचीही फाटकी दिसते. पहिल्याच वर्षी मी असा गरुड गिधाड म्हणून नोंदवला होता. घरी फोटो मोठा केला तर पंखाखाली मनगटापाशी, म्हणजे पंख वाकतो तिथे, पांढरी कोर! फोटो नसता तर ती चूक आजही माझ्या यादीत असती.

जुनी वही
फोटो, फोटो, फोटो! याच हट्टापायी एका गरुडाच्या घरट्याखाली मी वीस माणसं पाहिली आहेत. मादी सकाळभर समोरच्या झाडावर बसून ओरडत होती, अंडी उघडी. एकजण फांद्या मोडत होता, चौकट मोकळी हवी म्हणून. पुढच्या हंगामात घरटं रिकामं. पक्षी ओळखायला वही पुरते. आणि पुस्तक उघडायच्या आधी लिहा; पुस्तक पाहिलं की त्यातलंच चित्र आठवायला लागतं.

लांब भिंग
सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. मी घरट्याच्या आसपास फिरकतही नाही. स्टेलरचा समुद्री गरुड रशियाच्या अतिपूर्वेचा. त्यातला एक २०२० मध्ये अलास्कात आतवर दिसला आणि २०२१ मध्ये कॅनडाच्या पूर्व भागात, डिसेंबरात मॅसॅच्युसेट्स आणि मेनमध्ये. तो एकच पक्षी आहे हे पंखांवरच्या पांढऱ्या खुणा फोटोंत जुळवूनच कळलं. वहीने हे झालं असतं?

जुनी वही
आणि त्याला बघायला किती गर्दी लोटली, तेही सांगा. वीस माणसांतला एकही पुढे होऊन बोलला नाही, मीसुद्धा. ते अजून सलतंय.

पाणथळ
मूळ प्रश्न गिधाडाचा होता ना? घरट्यांवर वेगळं भांडा.

जुनी वही
वेगळं कसं? पुरावा मागितला की माणसं जवळ जातात. प्रश्न तोच आहे.

रानवाट
लांब भिंग, पन्नास मीटर वरून झेप घेणारी घार पाठीला पंजा लावते का? एकदा लावला. गिधाडाने फक्त मान वळवली, पंख हलवलेसुद्धा नाहीत. मनगटाची कोर मी मुद्दाम शोधली, नव्हती. हे सगळं तिथेच उभं राहून वहीत लिहिलंय, चित्रासकट. पुस्तक घरी होतं.

लांब भिंग
पंजा लागला हे पहिल्या नोंदीत असतं तर मी एवढं ताणलं नसतं. ठीक, दोघं एकाच अंतरावर होते. गरुड बाद, घार तर बादच. ते वाक्य मागे घेतो. पण हिमालयीन गिधाडही तेवढंच मोठं, आणि त्याचं पिल्लू चांगलंच गडद असतं. मी 'मोठं गिधाड' इथवरच येईन.

रानवाट
त्या पिल्लाच्या अंगावर फिकट रेघा असतात, पंखाखाली फिकट पट्टे. इथे पोटापासून पंखाच्या पुढच्या कडेपर्यंत सलग काळं होतं. जात लिहिली आहे, ती खोडणार नाही.

लांब भिंग
मग मला स्वतः बघू द्या. उद्या पहाटे येतो. जागा इथेच लिहा.

जुनी वही
रानवाट, जागा इथे लिहू नका.

रानवाट
लिहिणार नाही. लांब भिंग, तुम्हाला खाजगीत कळवते. एकटेच या.