परदेशी मिशन टीम बारा दिवसांसाठी येतेय, हो म्हणायचं की नाही?

नगरी पाळकपुत्र
सलाम सगळ्यांना. विषय नाजूक आहे पण मोकळेपणाने लिहितो. आमची मंडळी, म्हणजे चर्च, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे, साधारण साठ घरं. अमेरिकेतल्या एका चर्चचं पत्र आलंय की जानेवारीत चौदा जणांची टीम बारा दिवसांसाठी पाठवतो, काय काम असेल ते कळवा. कमिटीत दोन तट पडलेत. माझं मत, यावेळी नाही म्हणायचं.

तीन वर्षांपूर्वी अशीच टीम आली होती. महिनाभर आधीपासून गाव कामाला लागलं, कमोड बसवला, गाद्या भाड्याने आणल्या, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स भरून ठेवले, आणि ऐन कांदा लागणीत बायकांनी रोज बुडवून दोन वेळचा बिनतिखटाचा स्वयंपाक केला. टीमने काय केलं तर शब्बाथ शाळेची, म्हणजे रविवारी पोरांना बायबल शिकवतो ती, खोली रंगवली. आमच्याच मंडळीत तीन पेंटर आहेत, ते बाजूला उभं राहून बघत होते! त्यातला एक म्हणत होता भिंतीला ओल आहे, आधी खरवडा, पुट्टी मारा, सुकू द्या, पण टीमचं परतीचं तिकीट शुक्रवारचं होतं. पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटले आणि त्याच पेंटरने अर्ध्या मजुरीत सगळं परत केलं. त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं मला.

हे फक्त आमच्याकडेच होतं असंही नाही. होंडुरासमध्ये १९९८च्या मिच वादळानंतर अशा टीम्सनी जाऊन घरं बांधली. कर्ट व्हर बीक नावाच्या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्याचा अभ्यास केला, तर टीमने बांधलेलं एक घर प्रवासखर्च धरून साधारण ३०,००० डॉलरला पडलं आणि तिथल्याच लोकांनी बांधलेलं २,०००च्या आसपास.

भिंगारची सून
दादा, रंगाचं बरोबर आहे तुमचं. पण पाहुण्याला असं पैशात मोजायचं का? बायबलात रोमकरांस पत्रात आतिथ्य करा म्हटलंय, त्यात पाहुणा उपयोगाचा असेल तरच असं कुठे आहे.

आमच्या घरी दोघी मुली उतरल्या होत्या. एक तर पहिल्या दिवशी रडली, घरची आठवण आली म्हणून. माझ्या सासूबाईंनी तिला चुलीपुढे बसवलं, हातात पिठाचा गोळा दिला. भाकरी थापताना दरवेळी तुटायची तिची, पण पाच दिवसांनी एक धड उतरली तेव्हा अख्ख्या गल्लीला दाखवून आली. सासूबाईंना इंग्रजीचं अक्षर येत नाही, तिला मराठीचं नाही, तरी दोघी रात्री हात धरून प्रार्थना करायच्या आपापल्या भाषेत. मंडळी म्हणजे फक्त आपलं गाव नाही हे माझ्या पोरांनी डोळ्यांनी पाहिलं. ओलीच्या भिंतीपायी हे सगळं नको म्हणायचं?

टाळकरी
मी पाळकपुत्राच्या बाजूने, पण माझं कारण वेगळंय.

आपल्याकडे बाहेरून आलेली माणसं काय होती ते आठवा. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ला मुंबईत उतरले, नगरला मिशन १८३१ला सुरू झालं. त्याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ला मुंबईला आल्या, १८३९ला नगरला, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२मध्ये नगरमध्येच वारल्या. जवळपास पस्तीस वर्षं! भाषा शिकल्या, इथला उन्हाळा काढला, शिव्याही खाल्ल्या असतील. त्या पिढीच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही, भरपूर होत्या, पण त्या निस्तरायला ती माणसं इथेच असायची. बारा दिवसांच्या टीमला आपली चूक दिसतच नाही, पापुद्रे सुटतात तेव्हा ती घरी पोचलेली असते.

दुसरं म्हणजे उपासना. मागच्या वेळी आमच्या शेजारच्या मंडळीत टीमने दोन्ही रविवारी गिटारवर गाणी घेतली आणि भजनी मंडळ मागच्या सतरंजीवर गप्प. अहो, ना. वा. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर ख्रिस्ताची अभंग-भजनं लिहिली म्हणून तर हा धर्म आपल्याला आपल्या बोलीत मिळाला. पाहुण्यांसाठी टाळ-मृदुंग बाजूला ठेवायचा म्हणजे काय? त्यांना मध्ये बसवा, हातात टाळ द्या.

सिस्टर शिरूर
मी नर्स आहे, चार-पाच कॅम्प केलेत अशा टीमबरोबर, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. एका कॅम्पात सत्तर-ऐंशी जणांची शुगर-बीपी तपासली, त्यात एका माणसाची शुगर चारशेच्या वर निघाली, त्याला कधी माहीतच नव्हतं. तो आज व्यवस्थित आहे, मी त्या दिवसाला वाईट म्हणू शकत नाही. पण त्याच कॅम्पात बीपीच्या गोळ्या महिनाभराच्या वाटल्या, महिना संपल्यावर निम्म्या लोकांनी गोळीच बंद केली, कारण ती इथे त्या नावाने मिळेना आणि पुढे कोणाला विचारायचं तेही माहीत नाही. बरं परदेशी डॉक्टरला इथे पेशंट तपासायचा तर मेडिकल कमिशनची परवानगी लागते, ती कोणी काढलेलीच नसते. म्हणून माझं म्हणणं, कॅम्प घ्यायचा तर डॉक्टर इथलेच घ्या आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्राला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

डलासकर मावळा
मी दुसऱ्या टोकाकडून बोलतो. माझं बालपण जालन्यात गेलं, आता टेक्सासला आहे, इथल्या चर्चच्या टीमबरोबर ग्वाटेमालाला दोनदा गेलोय. ३०,००० आणि २,०००चा हिशोब मीही ऐकलाय, पण त्यात एक गोष्ट सुटते. ते पैसे पोरं गाड्या धुवून, केक विकून, नातेवाइकांना पत्रं लिहून जमवतात ते जाण्यासाठी. तुम्ही नाही म्हणालात तर ते पैसे तुमच्या गावाला येत नाहीत, टीम दुसऱ्या देशात जाते एवढंच. आणि जी पोरं जाऊन येतात त्यातली काही पुढे वर्षानुवर्षं तिथल्या शाळेला पैसे पाठवतात, मी स्वतः पाठवतो, न जाता पाठवले असते का? खरं सांगायचं तर नाही.

नगरी पाळकपुत्र
डलासकर, तुमचा मुद्दा मनाला लागला, याचा मी विचार केला नव्हता. पण मग पोरांना शिकवायला आमचं गाव वापरायचं का, हा प्रश्न उरतोच. आणि पैशाबद्दल बोललात म्हणून सांगतो, मागच्या वेळी निघताना टीमने पाळक म्हणून माझ्या बाबांच्या हातात चर्चसाठी म्हणून डॉलरचं पाकीट ठेवलं. प्रेमाने दिलं, पण आमची मंडळी एफसीआरएमध्ये, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली, नोंदलेली नाही, आणि नोंदलेल्यांनाही २०२०च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या खात्यातच घ्यावी लागते. बाबांनी हात जोडून परत केलं. देणाऱ्याचा चेहरा पडला, बाबा रात्रभर जागे. शिवाय टुरिस्ट व्हिसावर येऊन प्रचार करता येत नाही, आणि ज्याच्या घरी परदेशी माणूस उतरला त्याने २४ तासांत सरकारला तसं कळवायचं असतं. ते गेले की पोलीस विचारायला येतात ते आमच्याकडे.

भिंगारची सून
मग हे सगळं आधीच लिहून कळवा ना. चौदा नकोत, चार येऊ देत. पाकीट नको. कांदा लागण झाल्यावर या म्हणावं. त्यांना कोणी सांगितलंच नाही तर कळणार कसं?

टाळकरी
चार जण, महिनाभर राहणार असतील, तर मीही हो म्हणेन. काम आपण ठरवायचं आणि पेंटर आपलाच, त्याच्या हाताखाली ते.

सिस्टर शिरूर
आणि लहान पोरांचे फोटो आईबापाला विचारल्याशिवाय काढायचे नाहीत हेही लिहा. नागडं शेंबडं पोर बघून मोबाईल काढतात, मला फार त्रास होतो त्याचा.

नगरी पाळकपुत्र
लिहितो. रविवारी उपासनेनंतर कमिटी बसतेय, त्याआधी मसुदा करतो. चार जण, फेब्रुवारीनंतर, महिनाभर. ते हो म्हणतील असं मला अजून वाटत नाही, पण विचारल्याशिवाय नाही म्हणणार नाही, एवढं मी माझं मत बदललं. वहिनी, तुमच्याकडच्या त्या भाकरीवाल्या मुलीचं पूर्ण नाव पाठवा, पत्रात तिची आठवण काढतो.

भिंगारची सून
पाठवते. सासूबाई आत्ताच विचारताहेत, ती येणार आहे का म्हणून.