मदत हवी आहे: छोट्या ब्रूअरीजची मोसमी बिअर बघायला भावाला फ्रँकोनियात नक्की कधी बोलवू?

रेग्नित्झकाठची:

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ पुण्यात एका ब्रूपबमध्ये बिअर बनवतो. यंदा त्याला सलग दोन आठवड्यांची रजा मिळतेय आणि ती आमच्याकडे, जर्मनीत एर्लांगनला काढायची असं ठरलंय. सोबत भावजय आणि सहा वर्षांची भाची. त्याची अट एकच आहे: म्युनिक नको, ऑक्टोबरफेस्ट नको. आमच्या भागातल्या, म्हणजे उत्तर बव्हेरियातल्या फ्रँकोनियाच्या घरगुती ब्रूअरीज त्या-त्या मोसमाची बिअर कशी काढतात, ते त्याला पिंपापाशी उभं राहून बघायचंय. एकाच फेरीत सगळे मोसम काही सापडत नाहीत, आणि तीनपैकी एक मला निवडता येत नाहीये. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या फार तर सहा महिने आधी करता येतो, म्हणजे तारखा आता ठरवायलाच हव्यात.

पार्श्वभूमी थोडी सांगते. पुण्यात मोसमी बिअर म्हटलं की फळ आलंच. आंब्याच्या दिवसांत आंबा, पावसाळ्यात जांभूळ. ग्रेट स्टेट एलवर्क्सची कोकम आणि मीठ घातलेली एल तर बऱ्याच जणांनी चाखली असेल. इथे 1516 च्या शुद्धता कायद्याचं वळण अजून पक्कं आहे. माल्ट (मोड आणून सुकवलेलं धान्य, बहुधा जव), हॉप्स (कडवट फुलं), पाणी आणि यीस्ट, बस्स. मग मोसम कळतो कशावरून? बिअर किती कडक आहे, किती काळ थंड तळघरात मुरली आहे, माल्ट कसा भाजलाय, यावरून. भावाचं म्हणणं असं की फळ न घालता ऋतू दाखवणं हीच खरी अवघड गोष्ट आहे आणि तीच त्याला शिकायची आहे. मला ते मनापासून पटतं, म्हणून या सहलीसाठी माझी एवढी धडपड चाललीय.

आता माझ्यासमोरचे पर्याय.

पहिला, ऑक्टोबर-नोव्हेंबर. बाम्बेर्गमध्ये तेव्हा बॉक या कडक बिअरची पिंपं फुटतात, म्हणजे मोसमातलं पहिलं पिंप उघडतात. प्रत्येक ब्रूअरीचा दिवस वेगळा. एकीचं झालं की पुढच्या आठवड्यात दुसरी. श्लेंकेर्ला ब्रूअरीची उरबॉक 6.5 टक्क्यांची, शहरातल्या नेहमीच्या बिअरपेक्षा चांगलीच कडक, आणि धुराची. माल्ट बीचच्या लाकडाच्या धुरावर सुकवतात. पहिला घोट घेतला की चुलीवर भाजलेल्या वांग्याची आठवण येते, दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला धूर मागे हटतो आणि माल्टचा गोडवा पुढे येतो. तिथे पंप नाही. लाकडी पिंप ओट्यावर चढवायचं, हातोडीच्या दोन-तीन ठोक्यांत पितळी तोटी बसवायची, आणि बिअर आपल्या वजनाने खाली ग्लासात उतरते. फेस बसेपर्यंत ओतणारा माणूस शांतपणे थांबतो, मग वरून पुन्हा भरतो. हे भावाने बघावंच असं मला वाटतं. याच ब्रूअरीची नाताळातली डबलबॉक ओकच्या धुराची असते, 8 टक्क्यांची, पण तिच्यासाठी डिसेंबरात यावं लागेल आणि डिसेंबरात पुण्यातला मालक त्याला सोडणं शक्यच नाही. थर्टीफर्स्टचा धंदा असतो त्यांचा.

दुसरा, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. उपासाच्या काळासाठी काढलेली फास्टनबिअर राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच मिळते. बिअर छान असते, पण बाहेर गारठा आणि उघड्यावरच्या बिअरच्या बागा बंद. लहान मुलीला घेऊन मला हा काळ फारसा पसंत नाही.

तिसरा, उन्हाळा. आमच्या एर्लांगनचा बेर्ग, म्हणजे 1755 पासून चालत आलेली बेर्गकिर्शवाइची जत्रा, पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या) आधीच्या गुरुवारी सुरू होते आणि बारा दिवस चालते. जुलैअखेरीस फोर्शहाइमचा आनाफेस्ट. फोर्शहाइममध्ये हेबेनडांत्स, ग्राइफ, नेडर आणि आइशहोर्न अशा चार ब्रूअरीज अजून तग धरून आहेत आणि या जत्रेसाठी वेगळी बिअर काढतात. टेकडीच्या पोटात खोदलेली जुनी तळघरं, वर चेस्टनट आणि लिंडेनची झाडं, झाडाखाली बाकं. पूर्वी बर्फयंत्रं नव्हती, तेव्हा तळघरातली बिअर गार राहावी म्हणून ही सावली धरली होती. बव्हेरियात 1553 पासून 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर बिअर बनवायलाच बंदी होती, कारण उकाड्यात ती नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. म्हणून मार्चमध्ये जरा कडक बिअर बनवून खाली ठेवायची आणि उन्हाळाभर पुरवायची. मेर्त्सेन, म्हणजे मार्चची बिअर, आली ती तिथून. पावसाळ्यात पुण्यातला धंदा मंदावतो, त्यामुळे जुलैत रजा मिळणं सगळ्यात सोपं. पण जत्रेत गर्दी इतकी की ब्रूअरशी दोन शब्द बोलायची सोय नाही.

घरची अडचण अशी की आमच्याकडे घट बसतात आणि नवरात्रात भाऊ बिअरला शिवत नाही. दिवाळीला तो पुण्यात नसेल तर आई वर्षभर बोलणार नाही. यंदा, 2026 मध्ये, अधिक महिन्यामुळे सगळं पुढे गेलंय: घटस्थापना 11 ऑक्टोबरला, दसरा 20 ला, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला.

जाणकारांना विचारायचंय ते एवढंच. तुम्ही असता तर कोणता मोसम निवडला असता? खेड्यातल्या ब्रूअरीजच्या बातम्या, म्हणजे कुठली बिअर कधी सुटणार, कोण सुट्टीवर, कोणी कायमचं शटर ओढलं, हे तुम्ही कुठून मिळवता? आणि भावजय शाकाहारी आहे, पीतही नाही. तिचे आणि भाचीचे हाल होणार नाहीत ना?

घाई करायचं आणखी एक कारण आहे. 1712 पासूनची आमच्या गावातली किट्समान ब्रूअरी 2018 मध्ये बंद झाली. नाव कुल्मबाखर या दुसऱ्या ब्रूअरीने घेतलं, भट्टी मात्र विझली. गावाची बिअर गेल्यावर गावाला काय वाटतं ते मी इथे राहून पाहिलंय. जे उरलंय ते भावाने आत्ताच बघावं.

बाम्बेर्गकर:

ताई, डोळे झाकून ऑक्टोबर. तुमच्या भावाला कसब बघायचंय, जत्रा नाही, हे तुम्हीच लिहिलंय.

आणि त्याला एकाच ठिकाणी अडकवू नका. श्लेंकेर्ला आणि 1536 ची श्पेत्सिआल, या दोन्ही ब्रूअरीज धुराचा माल्ट अजून स्वतः तयार करतात. श्पेत्सिआलचा धूर बराच सौम्य. दोन्ही एकाच दिवशी, दुपारी एक आणि संध्याकाळी एक अशा प्यायला लावा. एकच तंत्र दोन घरांत कसं वेगळं वळण घेतं हे पुस्तकातून कळत नाही. श्पेत्सिआलच्या समोरच रस्त्यापलीकडे फेस्ला आहे, तिची बाम्बेर्गाटोर साडेआठ टक्क्यांची. ती शेवटी आणि एकच.

वायरमानचा माल्टचा कारखानाही इथलाच, 1879 चा. भारतातल्या बऱ्याच मायक्रोब्रूअरीजमध्ये त्यांची पोती उतरतात, तुमच्या भावाने उचललीही असतील. आधी नोंदणी करून आतून बघता येतो.

बातम्यांचं म्हणाल तर बॉकच्या तारखांची यादी इथे सप्टेंबरात सगळ्यांच्या तोंडी असते. खेड्यातल्यांसाठी मात्र फोनच. वेबसाइटवर तीन वर्षांपूर्वीचा मेन्यू असतो आणि खरी बातमी दारावर चिकटवलेल्या कागदावर. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी, वर मालक दोन आठवडे कुटुंबासह फिरायला गेला की सगळंच बंद. निघायच्या आदल्या दिवशी फोन करा, जर्मनमध्येच करा.

डोंगरवाट:

बाम्बेर्गकरांशी सहमत, पण एक तारीख ध्यानात ठेवा: 1 नोव्हेंबर. फ्रेंकिश श्वाइत्स या इथल्या डोंगराळ भागात शनिवार-रविवारी खेड्याखेड्यांत जाणाऱ्या सहलीच्या बसगाड्या 1 मे ते 1 नोव्हेंबर एवढ्याच धावतात. त्यानंतर गाडी काढावी लागते, आणि गाडी काढली की चालवणाऱ्याने प्यायचं नाही. कायद्याची मर्यादा 0.5 प्रोमिल (रक्तात हजारी अर्धा भाग मद्य) आहे, पण बॉकच्या दिवसांत तिच्या आसपासही जाऊ नका. पहाडी रस्ते आणि धुकं असतं.

बसची अजिबात गरज पडू नये अशी वाट हवी असेल तर फ्युन्फ-झाइडला-श्टाइग घ्या. न्यूर्नबेर्ग नॉर्डओस्ट स्टेशनहून ग्रेफेनबेर्गच्या रेल्वेने वाइसेनोहेला उतरायचं आणि चालायला लागायचं. साधारण दहा किलोमीटरच्या वाटेवर पाच ब्रूअरीज लागतात: वाइसेनोहेचा मठ, ग्रेफेनबेर्गमध्ये दोन, मग होहेनश्वेर्त्स आणि टुइसब्रुन. सहा वर्षांच्या मुलीला पूर्ण वाट जड जाईल, तिच्यासाठी ग्रेफेनबेर्गपर्यंतच ठेवा. आउफ्झेसची वाट याहून प्रसिद्ध. दीडेक हजार वस्तीच्या त्या गावात चार ब्रूअरीज आहेत, म्हणून गिनीज बुकात नाव गेलं. पण तिथे पोचायला बस लागतेच.

भावजयीची काळजी करू नका. इथल्या ब्रूअरीच्या खाणावळी म्हणजे बार नव्हेत. आजी, नातू, कुत्रा, सगळे एका टेबलाला असतात आणि न पिणाऱ्याकडे कोणी वळूनही बघत नाही. सफरचंदाचा रस आणि सोडा सगळीकडे मिळतो. शाकाहाराचं मात्र स्पष्ट सांगते: खेड्यात चीज, ब्रेड, बटाट्याची कोशिंबीर आणि क्लोस (बटाट्याचे उकडलेले गोळे), पण क्लोसवरचा रस्सा मांसाचा असतो, तो नको म्हणून आधीच सांगायचं. उघड्यावरच्या बागांत घरचं जेवण आणायची परवानगी बऱ्याच ठिकाणी आहे. 1812 मध्ये राजाने ब्रूअरना तळघरापाशी बिअर विकू दिली, जेवण नाही, म्हणून लोक शिदोरी आणू लागले. ती रीत टिकलीय. ऊन असेल तर ऑक्टोबरातही एखादी बाग उघडी सापडते. आम्ही थालीपीठ आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, शेजारच्या टेबलवाले हमखास चव मागतात. पेयं मात्र त्यांच्याकडूनच घ्यायची.

माल्टवाला:

मी स्वतः याच धंद्यात आहे, पुण्यातच. 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रूअरी सुरू झाली तेव्हा तिचा ब्रूमास्टर ऑलिव्हर शाउफ जर्मन होता, म्हणजे आपल्याकडच्या ताज्या बिअरच्या मुळाशी ही परंपरा आहेच. तुमच्या भावाला एक गोष्ट सांगा. बॉकचं पिंप फुटतं तो दिवस सोहळ्याचा. काम आधीच झालेलं असतं, बिअर कित्येक आठवडे थंडीत मुरून आलेली असते. त्याला शिकायचं असेल तर बिअर शिजवण्याचा दिवस गाठायला हवा. छोट्या ठिकाणी तो आठवड्यातून एखादा असतो, काहींकडे त्याहून कमी. दोन-तीन ब्रूअरीजना साधं पत्र लिहा: मी अमुक शहरात बिअर बनवतो, तमुक दिवसांत तुमच्या भागात आहे, पहाटेपासून भट्टीपाशी उभा राहीन, पिंपं धुवायची असतील तर धुवेन. सोबत स्वतःच्या कामाचे फोटो. ब्रूअर मंडळी ब्रूअरला सहसा दारातून परत पाठवत नाहीत, हा माझा अनुभव आहे.

दोन दिवस हाताशी असतील तर पूर्वेला ओबरफाल्त्समध्ये विन्डिशएशेनबाखचा त्सोइगलही बघा. गावाची भट्टी सामाईक, सगळे आळीपाळीने तिथे शिजवतात, बिअर आपापल्या घरी मुरवतात आणि पाळी आली की दारावर षट्कोनी चांदणी टांगून घरातच पाहुण्यांना वाढतात. कोणाची पाळी कधी, याचं कॅलेंडर आधीच निघतं. दिवस त्यावरूनच ठरवा.

रेग्नित्झकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री भावाशी बोलले आणि तारखा ठरल्या: दसऱ्याचं सोनं लुटून 21 ऑक्टोबरला निघायचं, 4 नोव्हेंबरला परत. बॉक सुरू झालेली असेल, 1 नोव्हेंबरपर्यंत बस मिळेल आणि वसुबारसेच्या आत तो घरी. आईने हो म्हटलंय.

डोंगरवाट, शेवटचा रविवारच 1 तारखेला येतोय, त्यामुळे आउफ्झेस आदल्या शनिवारी उरकतो. माल्टवाला, पत्राचा मसुदा भाऊ लिहितोय, जर्मन मी करेन. तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का? भट्टीतल्या कामाचे नेमके शब्द चुकले तर पहिल्याच ओळीत त्याची किंमत कमी व्हायची. बाम्बेर्गकर, ऑक्टोबरअखेरीस नेमक्या कोणाकोणाची पिंपं फुटणार आहेत ती यादी हाती आली की इथेच टाका. हॉटेल त्याप्रमाणे घेते.