मदत हवी आहे: मेथोट्रेक्सेट पाठीतून की सलाईनमधून? सोमवारी सांगायचंय

अस्मिता_इंदूर: बाबांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे, आर-चॉप केमोची दोन सायकल झाली. आजार मेंदूत जाऊ नये म्हणून मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध द्यायचंय. पाठीतून की सलाईनमधून, ते डॉक्टरांनी आमच्यावर सोडलंय. कोणतं चांगलं? लवकर सांगा.

पेठकर: कोणता लिम्फोमा? वय, स्टेज, रक्तातलं एलडीएच, किडनीचं क्रिएटिनिन?

अस्मिता_इंदूर: डीएलबीसीएल (झपाट्याने वाढणारा प्रकार), स्टेज ४, डाव्या किडनीत आणि हाडांत. ६८ वर्षं. एलडीएच ७९०. हिंडतात-फिरतात.

पेठकर: वय, वाढलेलं एलडीएच, स्टेज, गाठींबाहेर दोन जागा, वर किडनी, प्रत्येकी एक गुण: सीएनएस-आयपीआय (आजार मेंदूत जाण्याच्या धोक्याचा स्कोअर) ५. चार ते सहा म्हणजे जास्त धोका, दोन वर्षांत साधारण १० टक्के. पाठीतून १२ मिग्रॅ दर सायकलला घ्या, सोपं पडतं. प्लेटलेट्स ५० हजारांवर हव्यात, वायल प्रिझर्व्हेटिव्ह नसलेली. आणि आर-चॉपमधलं विनक्रिस्टिन पाठीच्या इंजेक्शनच्या ट्रेच्या आसपासही नको. चुकून पाठीत गेलं तर जीव जातो.

निमाडी: पाठीतलं औषध मेंदूच्या आवरणापुरतं, आणि आजार उलटतो तो बहुतेकदा मेंदूच्या गाभ्यात. सलाईनमधून दर चौ.मी. ३ ते ३.५ ग्रॅमच घ्या.

पेठकर: आणि त्याने नक्की थांबतं का? जुन्या नोंदी चाळून केलेल्या अभ्यासांत दोन्हींचा फायदा धूसरच दिसतो.

बाळासाहेब_राजवाडा: भिया, सत्तरीवर आयुष्मान कार्ड मिळतं. गुळवेलही द्या.

निमाडी: बाबा ६८ चे आहेत हो. गुळवेल यकृताला त्रास देते, आत्ता अजिबात नको. ताई, क्रिएटिनिन राहिलं. वजनही.

अस्मिता_इंदूर: १.४, थोडंच जास्त. ५८ किलो.

निमाडी: थोडंच नाही! (१४०−६८)×५८ ÷ (७२×१.४), म्हणजे क्लिअरन्स (किडनीची गाळण्याची क्षमता, मिनिटाला मिली) ४१. पन्नासच्या आत मोठा डोस देत नाहीत. औषध बाहेर पडत नाही, किडनी आणखी बसते. पण किडनीतली गाठ विरघळली तर आकडा सुधारेल. हा डोस सहा सायकल संपल्यावरही देतात, म्हणून सोमवारी "ताजं क्रिएटिनिन बघून मग ठरवू" म्हणा. द्यायचं ठरलंच तर लघवीचा पीएच ७ वर, २४ तासांनी ल्यूकोव्होरिन (मेथोट्रेक्सेटचा उतारा), रक्तातली मेथोट्रेक्सेटची लेव्हल लिटरमागे ०.१ मायक्रोमोलच्या खाली येईतो. दवाबाजारात फॉलिक अॅसिडच्या गोळ्या हातात ठेवतील, त्या नव्हेत. पोटात-छातीत पाणी नाही ना? आणि अॅसिडिटीची गोळी, दुखण्याची गोळी, सेप्ट्रान (अँटिबायोटिक) चालू आहे का?

अस्मिता_इंदूर: पाणी नाही. पॅन्टोप्राझोल रोज उपाशीपोटी, सेप्ट्रान आठवड्यातून तीनदा.

पेठकर: दोन्ही मेथोट्रेक्सेटला अडवून धरतात. मोठा डोस ठरला तर कधी बंद करायच्या, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. सध्या आपल्या मनाने बंद करू नका.