सुरणातला लव्हाळा: खुरपला की आठवड्यात परत

वाफेकरी
10 गुंठे, जांभ्याची माती, थोडा उतार. मेअखेरीस 90 × 90 सें.मी.वर सुरणाची गजेंद्र ही जात लावलीय. सुरणाचे कोंब दिसायच्या आत लव्हाळा हिरवागार, मधूनमधून केना, दोन्ही तणं. पेंडिमेथिलीन या तणनाशकाचा उपयोग शून्य. पुढच्या वर्षी रोटाव्हेटर दोनदा फिरवावा का?

तांबडमाती
पेंडिमेथिलीन बियांतून येणारं तण अडवतं. लव्हाळा येतो गाठींतून, त्याला काय फरक पडणार! आणि रोटाव्हेटर अजिबात नको. एक रोप खालून माती मोकळी करून अलगद काढा: काळपट गाठी दोऱ्यात ओवल्यासारख्या लागतील. टोकाची फुटलेली असते, मागच्या झोपलेल्या. माळ तुटली की त्याही फुटतात.

हा तोडायचा नाही, वाळवायचा. फेब्रुवारी-मार्चमध्ये 15-20 सें.मी. नांगरून ढेकळं तशीच उन्हात टाका, दोन-तीन आठवड्यांनी आडवी नांगरट. बहुतेक गाठी वरच्या 15 सें.मी.तच असतात. जमिनीत ओल असताना हेच केलंत तर लव्हाळ्याची लावणी केल्यासारखं होईल.

अळूचंफदफदं
यंदापुरतं: दर 15 दिवसांनी वरवर खुरपा. तीन-चार आठवडे सोडलात की नव्या गाठी धरतो. कुदळ नको, सुरणाची मुळं उथळ असतात.

लव्हाळ्याला सावली सोसत नाही, पण सुरणाची एकेक छत्री 90 सें.मी.वर असली की मधे ऊन पडतंच. तिथे दाट ताग पेरा, फुलावर यायच्या आत (साधारण 45 दिवस) कापून बुंध्याशी पसरा. प्लास्टिकवर खर्च करू नका, लव्हाळ्याचा टोकदार कोंब ते भोसकून वर येतो.

केन्याचं उलटं. तो सावलीतही तगतो, पेर ओल्या मातीला टेकलं की मुळं सोडतो. शिवाय जमिनीखाली, पांढरट फांद्यांवर, न उमलणारी फुलं धरून तिथेच बी करतो. म्हणून मुळासकट काढा, आणि उपटलेला बांधावर टाकू नका. पावसात तिथेच रुजेल.

वाफेकरी
आभार. उसात लव्हाळ्यावर हॅलोसल्फ्युरॉन तणनाशक मारतात, ते इथे?

तांबडमाती
लेबलवर सुरण नाही, मारू नका. त्यापेक्षा बेणं कुठून आणलंत ते बघा. सुरणाच्या कांद्याच्या (गड्ड्याच्या) खळग्यांत अडकलेल्या मातीतून लव्हाळ्याच्या गाठी येतात. पुढच्या वेळी ती माती घासून धुवा, मग फोडी करून शेणकाल्यात बुडवा.