मदत हवी आहे: खुब्याच्या ऑपरेशननंतर आई पाय टेकवायला घाबरते

आई ७८ वर्षांची. बाथरूममध्ये पडून उजवा खुबा मोडला, दुसऱ्याच दिवशी रॉड टाकला. आज १९ दिवस झाले. एक्स-रे चांगला आहे, सर्जननी वॉकर धरून पूर्ण भार द्यायला सांगितलंय. पण उभं केलं की थरथरते, "पुन्हा पडेन" म्हणत दोन पावलांत खाली बसते. फिजिओ आठवड्यातून तीनदा येतात. व्यायामाआधी दुखण्याची गोळी देऊन पाहिली, कमोडही उंच केला. दुखणं कमी झालंय, पण भीती कमी झालेली नाही. शुगर आटोक्यात आहे. पाठीला अजून जखमा नाहीत, पण अशीच पडून राहिली तर होतील, याची मला फार धास्ती वाटते. दिवसभर घरी मी एकटीच, तिचं वजन ६८ किलो. एकटीने तिला पलंगावरून सुरक्षित उभं कसं करू, आणि तुमच्या घरी ही भीती कशाने गेली?